शिळं पाणी

१९७८ साली हिंगोलीच्या कॉलेजात एका सकाळी मी बॉटनीच्या लॅबचं दार उघडलं, तर एक अनोळखी माणूस माझ्या कांद्यांच्या बाटल्यांतलं पाणी मोरीत ओतत होता. सात बाटल्यांत ताजं पाणी भरूनही झालं होतं. आठवी मी हातातून हिसकावली.

"काहून ओतलं?"

"शिळं होतं," तो म्हणाला. "आमच्या गावाला, हट्ट्याला, शिळं पाणी ओतल्याबिगर चूल पेटत न्हाई."

हा फिजिक्सचा नवा डेमॉन्स्ट्रेटर, सोनाजी. स्पिरिट मागायला आला होता. मी नीला, बॉटनीची डेमॉन्स्ट्रेटर, पुसेगावजवळच्या तांड्यावरची पहिली पदवीधर. औरंगाबादला संशोधनाची एकच जागा निघाली होती आणि परवाच्या मुलाखतीत मला या कांद्यांना फुटलेल्या मुळांच्या स्लाइड दाखवायच्या होत्या. त्या पाण्यात प्रथिनं बनणं थांबवणारं औषध होतं. नवं प्रथिन नाही तर पेशी विभागत नाही, एवढंच मला दाखवायचं होतं. औषध मात्र आता संपलं होतं.

मी त्याला नको नको ते बोलले. तो मान खाली घालून ऐकत राहिला... आणि त्याच्या पापण्या किती लांब आहेत ते मला नेमकं तेव्हाच दिसलं. त्याचाही राग आला.

दुपारी रागारागातच मुळांची टोकं कापली, रंगवली. आठव्या बाटलीतल्या पेशी ठप्प होत्या. त्याच्या सातही बाटल्यांत मात्र जिथं तिथं एकीच्या दोन होत होत्या. औषध धुतलं गेलं आणि काम सुरू झालं. माझा पुरावा उलट पक्का झाला होता. त्याला बोलावून दाखवलं, पण गोड बोलणं काही जमलं नाही.

तो बराच वेळ भिंगातून बघत राहिला. "काम झाल्यावर ते प्रथिन जातं कुठं? तसंच साठलं तं पेशी थांबायची कशी?"

"कुणाला ठाऊक न्हाई."

"मोडत असंल," तो म्हणाला. "तुमचा राग मोडला का?"

"न्हाई."

"बरं... मग थांबतो मी."

औरंगाबादहून परतले ती थेट फिजिक्सच्या लॅबमध्ये. जागा मिळाल्याचं सांगितलं. "तो मोडण्याचा प्रश्न मी तिथं मांडला. कोणाचा म्हणून विचारलं त्यांनी. मी म्हटलं, माझ्या होणाऱ्या नवऱ्याचा."

तो स्टुलावरून उठला. "नीलाबाई... तांड्यावर मान्य न्हाई होणार. आमच्या घरीबी..."

"सगळ्यांशी मी भांडते. तुमी न्हाई म्हणू नका, मला लई राग येतो."

त्यानं माझ्यासाठी टेबलावरच्या तांब्यातून पेला भरला. मग थांबला, पेला ओतला, तांब्याही ओतला आणि बाहेर जाऊन नळाचं ताजं पाणी घेऊन आला.


"ते सकाळचं होतं," तो म्हणाला.