योगीराजच्या गाडीतला रेडिओ

बसा, लाईट काय लवकर येत न्हाई आज.

सिद्धोधनला तुमी सगळे वळखता. जिंतूर रोडला गाड्यांचं वायरिंग करतो, तोच. मी यष्टीच्या डेपोत बॅटऱ्या बघायचो, तवा माझ्याच हाताखाली शिकला. खोटं बोलणारा माणूस न्हाई. हे त्यानं मला दोनदा सांगितलं, आन् दोन्ही बारीला एक शब्द इकडचा तिकडं झाला न्हाई. तिसऱ्यांदा इचारलं तर उठून गेला.

तारीख चौदा डिसेंबर, दोन हजार तेवीस. गुरुवार. अमावस्या होऊन दोन दिस झालते.

त्या दिवशी सकाळी त्याला दिनकरराव सरांचा फोन आला. सरांनी त्याला शाळेत विज्ञान शिकवलेलं. रिटायर झाल्यावर ते पोखर्णीकडं आपल्या शेतात आखाडा, म्हंजे शेतावरचं घर, बांधून राह्यलेते. सर आन् सविताकाकू, दोघंच. सर म्हणले, योगीच्या गाडीत एक रेडिओ बसवायचाय, येतोस का.

योगीराज त्यांचा एकुलता एक पोरगा, सरांना अण्णा म्हणायचा. पुण्याला इंजिनेर होता. त्यानं कुठून तरी जुनी गाडी घेतलती. शर्यतीच्या गाडीवाणी बुटकी, लाल, दोनच सीटांची, वरचं छत काढून ठेवता येणारी. सगळं अंग फायबरचं. दोन साल सुट्ट्या तिच्यातच घालवल्या त्यानं. दोन हजार नऊच्या दिवाळीनंतर तो गाडी घेऊन आखाड्यावर आला. एक दिस सांजच्याला, धुऱ्यानं, म्हंजे बांधावरून, पायीच चक्कर मारून येतो म्हणून निघाला, तो आलाच न्हाई. मोबाईल गाडीत, चावी गाडीला. पोलीस झाले, आसपासच्या विहिरी उपसून झाल्या. कायबी सापडलं न्हाई. एक चप्पलसुद्धा न्हाई.

आठ दिसांनी पुण्याहून पार्सल आलं. त्यानंच मागवलेलं. सॅटेलाईट रेडिओ. तुमाला ठाऊक नसंल, त्या टायमाला तसा रेडिओ निघालता. थेट वरच्या उपग्रहावरून गाणी. तळहातायेवढा चपटा अँटेना असायचा, त्याचं तोंड उघड्या आभाळाकडं ठेवायचं. मधी नुसतं झाड आलं तरी आवाज तुटायचा. आन् त्याच सालाच्या शेवटी ती सेवा आपल्याकडं बंद झाली. पार्सल कपाटात राह्यलं. चौदा साल.

आखाड्यावर पोचल्यावर सिद्धोधननं हेच सांगितलं, की सर, ह्याच्यात आता कायबी लागणार न्हाई. सर म्हणले, म्हाईत हाय मला. पर काकूंना म्हयन्याभरामागं डाक्टरांनी जवाब दिलता. पोटाचा आजार. त्यांचं म्हणणं येवढंच, की पोरानं करायचं ठरवलेलं हे एक काम राह्यलंय, ते झालेलं बघू द्या. नुसता दिवा लागला तरी बास.

मंग यानं जास्त इचारलं न्हाई. डॅशबोर्डची पट्टी खोलली, वायर वढली, फ्यूज टाकला. सर दर रविवारी गाडी चालू करून ठेवायचे, त्यामुळं इंजिन बराबर होतं. अँटेनाच्या बुडाला चुंबक होतं, पत्र्यावर बसवायला. फायबरवर चुंबक कुठं धरतंय? यानं चिकटपट्टी लावून मागच्या डिकीवर बसवला. दिस मावळताना चावी फिरवली. बारक्या पडद्यावर हिरवा उजेड आला. खाली अक्षरं, सिग्नल न्हाई.

काकू भिंतीला धरत धरत आल्या. सीटवर बसल्या. त्या हिरव्या उजेडावरून बोट फिरवलं आन् छान दिसतंय म्हणल्या. ह्या वक्ताला कोणतं गाणं लागलं असतं, असंबी इचारलं त्यांनी. सर बाहेर बघत होते.

इथंच सगळं संपायला पायजे होतं.

साडेसात वाजले. थंडी पडलती. सर म्हणले, फाट्यापोतर ह्याच गाडीत सोडतो तुला. निघाले दोघं. छत काढलेलं. आखाड्यापासनं रोडपोतर गाडीवाट हाय, दोन्ही अंगाला तूर. धुऱ्याजवळ एक खड्डा आला. गाडी आदळली आन् मागं काहीतरी सुटल्याचा आवाज झाला. दवानं चिकटपट्टी सुटलती. अँटेना वायरीला लटकायला लागला, जमिनीकडं तोंड करून.

पडद्यावर एक काडी उगवली.

सिग्नलच्या काड्या असत्यात, तशी. मंग दुसरी. सिद्धोधनला वाटलं, वायर कुठं तरी टेकली असंल. त्यानं गाडी थांबवायला लावली, उतरला, अँटेना हातात घेतला. आभाळाकडं धरला. काड्या गेल्या. जमिनीकडं धरला. आल्या. त्यानं दोनदा करून बघितलं, चारदा करून बघितलं. वर चांदण्यांनी भरलेलं आभाळ... तिथं कायबी न्हाई. खाली...

वायर चांगली लांब होती. तो अँटेना जमिनीलगत धरून हळूहळू सरकायला लागला. धुऱ्याच्या बुडाशी, एका जागेवर, सगळ्या काड्या भरल्या.

स्पीकर चालू झाला. गाणं न्हाई. खरखर न्हाई. नुसता श्वास.

कुणी तरी श्वास घ्यायलं होतं. अगदी जवळ.

सरांनी इंजिन बंद केलं. चावी तशीच राहू दिली. तुरीचं पानबी हालत नव्हतं. श्वास आत... बाहेर... मंग एक बारीक खोकला. हा खोकला सरांच्या वळखीचा होता.

सर म्हणले, "योगी..."

श्वास थांबला.

सिद्धोधन म्हणतो, अँटेना टाकून पळावं वाटलं, पर बोटं उघडंनात.

मंग आवाज आला. हळू. झोपेतून उठलेल्या माणसावाणी.

"अण्णा... उजाडलं का?"

सर उतरले. त्या जागेवर गुडघे टेकले. तोंड जमिनीजवळ नेलं.

"न्हाई बाळा," म्हणले. "आजून न्हाई."

काड्या गेल्या. पडदा हिरवाच राह्यला.

सरांनी आखाड्यावरून टिकाव-फावडं आणलं. सिद्धोधनबी खणायला लागला, काय करणार? वरची काळी माती निघाली, हातभर. तिच्याखाली मुरूम लागला. ह्यानं बॅटरी मारून बघितलं. सलग, दगडावाणी घट्ट मुरूम. कधी कुणी खणलेला न्हाई, तिथं कधी कुणाला पुरलेलं न्हाई. माणूस तिथं जाईलच कसा? त्यानं सरांना तसं सांगितलं. ज्या माणसानं त्याला दगडमातीचे थर शिकवले, त्याच माणसाला. सरांनी मान हालवली. मला कळतंय म्हणले, आन् टिकाव उचलला.

काकू कवा आल्या, कळलं न्हाई. सिद्धोधनच्या हातातून अँटेना घेतला आन् खड्ड्याच्या काठावर बसल्या, जमिनीकडं तोंड धरून. हा तिथून पायी फाट्यावर आला. दोघांना तसं सोडून आलो, ह्याची लाज त्याला आजबी हाय.

चौथ्या दिवशी तो परत गेला. दुपार होती, ऊन डोक्यावर. सर खड्ड्यात, छातीइतके. हाताला फडकी बांधलेली. गावातल्या लोकांना वाटायलं होतं, म्हातारा विहीर पाडायलाय. सिद्धोधननं हात जोडले, सर बास करा म्हणला. तवा सरांनी सांगितलं, की योगी रोज एकदा इचारतो, उजाडलं का. एवढंच इचारतो. दुसरं कायबी बोलत न्हाई.

सिद्धोधननं इचारलं, "मंग तुमी काय सांगता?"

सरांनी टिकाव खाली ठेवला.

"काल भर दुपारी इचारलं त्यानं. उजाडलंय म्हणून सांगितलं मी... तर रडायला लागला. त्याला काहीच दिसंना, सिद्धोधन. आता न्हाईच म्हणतो."

हा माघारी आला.

सव्वीस तारखेला पहाटे काकूंचा फोन आला. सर खड्ड्यातच गेलते. डाक्टर म्हणले, हृदय बंद पडलं. त्यांचं सगळं उरकल्यावर काकू आखाड्यावर एकट्याच राह्यल्या. रोज सांजच्याला गाडीत बसायच्या, दिवा लावून. त्यांना मातर पुन्हा कायबी ऐकू आलं न्हाई. बॅटरी उतरली, सिद्धोधननं भरून दिली, तरी न्हाई. संक्रांतीच्या आधी त्याबी गेल्या. शेत आता पडीक हाय. तिथं कुणी पेरत न्हाई.

एक गोष्ट सांगायची राह्यली. ही त्यानं माझ्याबिगर गावात कुणालाच सांगितली न्हाई.

त्या पहाटे दोरी धरून खाली उतरला, तो सिद्धोधनच. दीड पुरुस, म्हंजे दीड माणसायेवढा, खोल गेलता खड्डा. सर पालथे पडलेले, कान जमिनीला लावून. त्यांना दोरीनं बांधून वरच्या लोकांकडं दिलं. हा एकटाच खाली राह्यला, वरून दोरी परत येईपोतर. जिथं सरांचा गाल टेकला होता, तिथं मुरमाची एक ढलपी सुटी झालती, ताटायेवढी. त्यानं ती सहज उलटी केली.

वरच्या अंगाला टिकावाचे घाव होते.

खालच्या अंगाला... चार बोटांच्या रेघा. आन् बाजूला अंगठ्याची. खोल. खालून नखांनी खरवडलेल्या. रेघांमधली माती आजून वली होती.

त्यानं बॅटरी मारली. हातानं चाचपलं. ढलपीच्या खाली पोकळी नव्हती, फट नव्हती. सलग मुरूम होता.