ऐकणाऱ्याचा पाट

जाफराबादला आमच्या बोअरचं पाणी इतकं जड आहे की नवी स्टीलची बादली आठवडाभरात पांढरी पडते. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं त्याचं खापर मी बरेच दिवस पाण्यावरच फोडत होते. मी इथल्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. कारण सापडल्याशिवाय मला चैन पडत नाही.

नोकरीसाठी मी इथे आले तेव्हा नवरा, शौनक, पुण्यातच राहिला आणि दहा वर्षांची निवेदिता माझ्याबरोबर आली. शाळेत पोरं निवीच्या बोलण्याची नक्कल करायची. बाकावर कुणी तिला सरकून जागा देईना. शेवटी बाईंनी तिला कोपऱ्यात वेगळी खुर्ची दिली, आणि त्यानंतर निवी बोलायचीच थांबली. आधी शाळेत, मग घरीही. डॉक्टर म्हणाले, धीर धरा. तो मी कसा धरणार? माझं लेकरू डोळ्यांदेखत मिटत चाललं होतं आणि मी तिच्यासमोर पोळ्या लाटत होते.

म्हणून मी माझी लाडकी त्रयी बाहेर काढली. तीन जाडजूड भाग, कुठल्याशा परदेशी कादंबऱ्यांचा अनुवाद. मी निवीएवढी असताना वाचून वाचून पानं सैल केली होती. इल्वा नावाची मिठागरातली पोर डोंगरावरच्या जादूच्या शाळेत जाते. तिच्या अंगाला मिठाचा वास येतो म्हणून तिला कुणी जवळ बसू देत नाही. ती दाराशी उभी राहून, नुसतं ऐकून सगळी विद्या शिकते. आणि तिसऱ्या भागाच्या शेवटच्या पानावर एक मुलगी उठून तिला आपली जागा देते. बस, एवढंच. मी त्या पानावर दर वेळी रडायचे.

रोज दिवेलागणीला मी मोठ्याने वाचू लागले. निवी समोर सतरंजीवर, भिंतीला डोकं टेकून. तिच्या केसांना मी घरीच कढीपत्ता घालून कढवलेलं खोबरेल तेल चोपडते, त्याचा भिंतीवर डाग पडला. घरमालक रामप्रसादकाका खालीच राहतात. एसटीतून निवृत्त झालेले, संध्याकाळी मारुतीच्या देवळात पोथी वाचणारे. भिंतीचा रंग नवा, त्यामुळे ते डागाची तक्रार घेऊन वर आले आणि गोष्ट ऐकत बसून राहिले. दुसऱ्या दिवशी देवळातली पोथी लवकर उरकून आले, ते बगलेत लाकडी पाट घेऊन. तो त्यांनी निवीच्या शेजारी भिंतीलगत मांडला आणि स्वतः फरशीवर बसले.

हा कुणासाठी, मी विचारलं.

"ग्रंथ लागला की ऐकणाऱ्याला जागा ठिवावी लागती, मॅडम. रामायण लावलं की आम्ही मारुतीरायाला पाट मांडतो."

हे रामायण नाही, असं मी म्हटल्यावर ते हसले. सवय पडलीय, असू द्या, म्हणाले. निवीने हात लांबवून पाट सरळ केला. तेवढं तरी तिला करावंसं वाटलं, या आनंदात मी पाट तिथेच राहू दिला.

पहिला भाग संपत आला तेव्हा पाटावर पांढुरका थर दिसला. फरशी पुसताना पाणी उडालं असणार. पुसून टाकला, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. बादलीवरचा क्षार घासून घासून निघत नाही. हा बोटाने निघत होता. आणि पाटभर नव्हता. ओल्या कपड्यांनी कुणी मांडी घालून बसावं, तेवढाच.

त्याच सुमारास निवी बोलली. वाचता वाचता मी पाणी प्यायला थांबले होते. ती पाटाकडे वळून हळूच म्हणाली, "थांब, आई अजून वाचणार आहे."

मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. ती कुणाशी बोलली हे मी विचारलं नाही. एकट्या मुलांना मनातले सवंगडी असतात, हे मी कुठेतरी वाचलं होतं. विचारलं आणि पुन्हा तोंड मिटलं तर? दुसऱ्या भागात ती रोज चार शब्द जास्त बोलू लागली. सगळे पाटाशी.

एका दुपारी ती शाळेत असताना मी त्या थराला बोट लावलं आणि बोट जिभेला. आमचं पाणी मचूळ लागतं. हे मीठ होतं. समुद्राचं जाडं मीठ, शेवाळाचा किंचित वास असलेलं. जाफराबादहून समुद्र तीनशे किलोमीटरांहून लांब आहे.

निवी खोड्या करत असेल, असं मी स्वतःला समजावलं. मग मिठाची बरणी पाहिली. आमच्याकडे बारीक, पिशवीतलं मीठ येतं.

मी काकांना सांगितलं. या वेळी ते हसले नाहीत.

"मारुती रामकथेला येतो. ह्या पुस्तकात राम कुठंय? मंग येऊन कोन राह्यलंय?"

मी वाचन बंद करते म्हटलं, तर त्यांनी मान हलवली. अर्धा ग्रंथ सोडून ऐकणाऱ्याला उठता येत नाही, तो बसूनच राहतो, असं त्यांचं म्हणणं. समाप्तीला पाटावर हळदकुंकू वाहायचं, आपल्या ठिकाणी जावं म्हणून निरोप द्यायचा, मग पाट उचलायचा. ते सगळं ते स्वतः करणार होते.

"मी असल्याबिगर शेवटचं पान वाचू नका," जाताना त्यांनी बजावलं.

आणि नेमके समाप्तीच्या वेळी ते पुतणीच्या लग्नासाठी कुंभार पिंपळगावला गेले. मी पुस्तक कपाटात ठेवलं. निवीने ते काढून माझ्या मांडीवर आणून ठेवलं.

"आज संपव ना, आई."

किती महिन्यांनी तिने माझ्याकडे काही मागितलं होतं. मला नाही म्हणवलं नाही. हळदकुंकवाचा करंडा जवळ घेतला आणि वाचायला बसले.

बाहेर अजून उजेड होता. जीपवाला स्टँडवर भोकरदन, भोकरदन ओरडत होता.

शेवटचं पान आलं. जागा देणाऱ्या मुलीचं ते वाक्य आलं. मी तोंड उघडण्याआधीच निवी उठून उभी राहिली. तिने ते पान कधी वाचलं नव्हतं. पाटाकडे बघून ती स्वच्छ आवाजात म्हणाली,

"ये. माझ्या जागेवर बस."

मी करंड्याकडे हात नेला. तेवढीच नजर खाली गेली.

वर पाहिलं तेव्हा निवी सतरंजीवर बसलेली होती. ताठ. भिंतीला न टेकता.

पाट रिकामा होता.

"छान होती गोष्ट," ती म्हणाली, आणि बोलतच राहिली. शाळेचं, पुण्याचं, कशाकशाचं. मी निरोपाचं विसरूनच गेले.

निवी सगळ्यांशी बोलू लागली. वर्गातल्या मुलींनी तिला बाकावर घेतलं. शौनक फोनवर तिचा आवाज ऐकून रडला. केसांना तेल मात्र लावू देईना. मोठी होतेय, आवडीनिवडी बदलणारच. तिचा पापा घेतला की ओठांना खारट लागायचं. उन्हातून येते, घाम असेल.

आठवड्याने काका लग्न आटोपून आले आणि तिला बडबडताना बघून खूश झाले.

"चला, पाट उचलून घेतो," म्हणत ते वाकले.

तेव्हा मला भिंत दिसली. पाटाच्या मागे, जिथे आजवर कुणी डोकं टेकलं नव्हतं, तिथे तेलाचा डाग होता. मी बोट लावलं. ओला होता. खोबरेलाचा वास, आणि त्यात कढीपत्ता.

आतल्या खोलीत निवी फोनवर बापाशी हसत होती.

"पाट राहू द्या, काका," मी म्हणाले. पहिला भाग उघडला आणि पहिल्या पानापासून वाचू लागले.

तेव्हापासून रोज वाचते. शेवटच्या प्रकरणाच्या आधी थांबते आणि पुन्हा पहिल्यापासून लावते. संपू देत नाही. अर्धा ग्रंथ सोडून ऐकणाऱ्याला उठता येत नाही.

डाग आता बोटभर वर सरकला आहे. माझी निवी उंच होतेय.