तिसऱ्या हौदातलं शेवाळ

शेवाळाची एक पट्टी हौदाच्या उत्तरेकडच्या कडेला जमली होती. जेमतेम दोन बोटं रुंद, पण सुरीने कापल्यासारखी सरळ. बुद्धप्रिया वाकून बघत राहिली. शेवाळ उजेडाकडे सरकतं. हे सावलीत आलं होतं. तिच्या खुर्चीपाशी.

चाकूरजवळच्या माळावर असे तीन हौद होते. शेवाळातून तेल काढायचं, तेलातून विमानाचं इंधन. माळावर विमान मात्र नुसतं ऐकू यायचं. बरोबरचे लोक एकेक करून पुण्याला निघून गेले होते. उरल्या ती आणि राखणीची सरजाबाई.

तिने वारा पाहिला, तापमान घेतलं, पाणी फिरवणारं चाक बंद केलं. खुर्ची दक्षिणेला नेली. दुपारपर्यंत पट्टी दक्षिणेला आली. मग तिने खुर्ची परत उत्तरेला ठेवून तीत सरजाबाईला बसवलं. शेवाळ जागचं हललं नाही.

"मला कशाला इचारतंय ते," सरजाबाई हसली. "तुमचा लळा लागलाय म्याडम. अंगावरचं लेकरू हाय जनू."

त्यानंतर बुद्धप्रिया जेवणाचा डबा हौदाशीच उघडू लागली. दिवसभरात तोंडून शब्द निघाला तर तिथेच. कंपनीचा फोन यायचा: चाचणीला तेल कमी पडतंय, तिसरा हौद उपसा, नाहीतर प्रकल्प बंद करू.

"अजून तयार नाही," ती सांगायची. ते केव्हाच तयार होतं.

एका सकाळी तिने पाण्यात हात घातला. हिरवा थर बोटांभोवती आला, मनगटापर्यंत चढला. पाणी गार होतं. थर कोमट होता.

त्याच दुपारी कंपनीने न विचारता टँकर पाठवला. ड्रायव्हर व्यंकटने पाइप हौदात सोडला.

"लावू का मोटार म्याडम? पुढं लई पल्ला हाय."

सरजाबाई बादली घेऊन आली. दर उपशाला बादलीभर शेवाळ मागे ठेवायचं, त्यातूनच नवा हौद धरायचा. ती त्याला विरजण म्हणायची.

"विरजण काढू ना आधी?"

बुद्धप्रिया हौदाच्या कडेला आली. बादलीभर उरलं तरी तेही आपल्याकडेच येणार आणि आपण पुन्हा इथेच बसणार, हे तिला ठाऊक होतं.

चाक बंद होतं. वारा नव्हता.

तिच्या पायाशी पाणी निवळू लागलं. तळ दिसला.

हिरवं मागे सरत होतं. सगळं एकदम, सावकाश. समोरच्या कोपऱ्यात जाऊन ते गोळा झालं.

तिने अजून काहीच सांगितलं नव्हतं.

"म्याडम?" व्यंकट म्हणाला.

"लावा मोटार," ती म्हणाली. "विरजण नको."