खिळ्यावरचे मास्क

कारखान्यातल्या रंगफवारणीच्या खोलीबाहेर भिंतीत खिळ्यांची रांग होती आणि प्रत्येक खिळ्यावर रबरी मास्क. नावं खडूने खिळ्याखाली लिहिलेली; मास्क सगळे सारखेच. दुसऱ्याच्या मास्कला हात लावायचा नाही, हा उस्तादांनी घालून दिलेला नियम. रंगाऱ्याला फवारणी त्यांनीच शिकवली होती. रंगात मिसळायच्या हार्डनरने त्यांची छाती खाल्ली. ते जाऊन महिना झाला, तरी त्यांचा मास्क खाली काढायला कुणी धजत नव्हतं.

आता रंगाऱ्याचीही छाती घरघरायला लागली होती. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, रंग सोड, नाहीतर उस्तादांच्या वाटेने जाशील. पण हात दुसऱ्या कशाला वळलेच नव्हते. कारखान्यात कळलं तर घरी बसवतील, म्हणून तो मूग गिळून गप्प होता.

उस्तादांच्या मास्कला रोज सकाळी आतून वाफ धरलेली दिसे. हवा दमट आहे, असं मनाशी म्हणत तो ती हात न लावता बाहीने पुसून टाकी.

एका सकाळी खोकल्याची अशी उबळ आली की डोळ्यांपुढे काही दिसेना. हाताला लागला तो मास्क त्याने चढवला, आणि श्वास आला. पोटापर्यंत, भरपूर, लहानपणी यायचा तसा. जेवणाच्या सुट्टीत टांगताना कळलं, हा उस्तादांचा. भीती वाटायला हवी होती. त्याला आनंदच झाला. मग आठवडाभर त्याने दुसऱ्या मास्ककडे पाहिलं नाही.

सुट्टीच्या दिवशी बायकोने कौतुकाने त्याच्या छातीला कान लावला. कान तिने बराच वेळ उचलला नाही.

"अहो, घरघर गेलीय," ती म्हणाली. "पण आत काहीच वाजत नाहीये."

तो हसला. दाढी करताना मात्र त्याने आरशावर फुंकर घातली. काच कोरडीच राहिली.

दुसऱ्या दिवशी तो आपला मास्क घ्यायला धावतच खिळ्यांपाशी आला. त्याचा खिळा रिकामा होता.

"आठवडाभर वापरला नाहीस ना," स्टोअरवाला म्हणाला. "बाद मालात टाकला. तिकडे, पिंपात."

त्याने झाकण उचललं. पिंप जुन्या मास्कनी काठोकाठ भरलं होतं.

सगळ्यांनाच आतून वाफ धरली होती.

तो गुडघ्यांवर बसला आणि एकेक मास्क कानाला लावून आपली घरघर शोधू लागला.