वरची पोस्ट

किन्हवलीच्या एसटी स्टँडमागं कोणीतरी बैलाशी इंग्रजीत बोलत होतं.

शेखर पंक्चर काढायचं सोडून डोकावला. एक पोरगी. अंगात मुरबाडच्या कंपनीचा निळा कोट, केसांत भाताचा कोंडा, आणि तोंडात — "आय वाँट टू राइज थ्रू द रँक्स, सर!" बैल आपला रवंथ करतोय.

"त्याला नाय कळत," शेखर बोलला.

ती गर्रकन वळली. "तुमाला कळतं?"

काय डोळे... याचं असलेलं इंग्रजीही उडालं. "उद्या सांगतो."

जुनी डिक्शनरी धुंडाळून दुसऱ्या दिवशी तो तयार. "आपला कंट्रोलर धाऊकाका बघा. आधी एसटी धुवायचा, मग कंडक्टर, आता आख्खा स्टँड हलवतो. तळापासून एकेक पोस्ट घेत वर जायचं — त्यालाच बोलतात राइज थ्रू द रँक्स."

"अय्या, मग मी पण जाणार!"

पोरीचं नाव नम्रता, कंपनीत पॅकिंगला होती. सुपरवायझरचा इंटरव्ह्यू इंग्रजीत. निवड झाली तर ट्रेनिंगला थेट नाशिक, वर्षभर. शेखरला सगळं ठाऊक. तरी रोज बस येईपर्यंत तो टायरवर साहेबासारखा बसून प्रश्न विचारायचा. 'तुमी'चं 'तू' कधी झालं, कळलंच नाय. ती चांगली बोलायला लागली की त्याला भारी वाटायचं... आणि लगेच नाशिक आठवायचं.

इंटरव्ह्यूच्या संध्याकाळी ती बसमधून उडी मारूनच उतरली.

"साहेबांनी विचारलं, कुठवर जायचंय? मी बोलली, राइज थ्रू द रँक्स. ते हसले. बोलले, अँड देन? मी सरळ बोट दाखवलं — युवर चेअर, सर!"

शेखरच्या हातातला पाना गळून पडला. भात झोडून कामावर जाणारी ही पोरगी... साहेबाच्या तोंडावर... त्याचीच खुर्ची! असलं काळीज त्यानं आजवर बघितलं नव्हतं.

"घेतलं?"

"सोमवारी नाशिक."

"लय भारी झालं." खरंच झालं होतं. त्यानं पडलेला पाना उचलून उगाच पुसला. "मग... माजं काय गो?"

"तुजी सध्या पोस्ट काय हाय?"

"इंग्रजीचा मास्तर. बिनपगारी."

"मग वर चढ की, येड्या!" ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत ती हसली. "रविवारी घरी माज्या आबांकडं ये. आणि घाबरू नको... ते इंटरव्ह्यू मराठीतच घेतात."