डावीकडचं दार

वात जरा वर कर गं, म्हणजे मला सुई दिसेल आणि तुला माझं तोंड. तोंड बघितलंस की कळेल, मी थापा मारत नाहीये. थापा मारताना माझे कान लाल होतात, असं माझा नवरा म्हणायचा. बिचाऱ्याला हे कळेपर्यंत लग्न होऊन गेलं होतं.

तर, मी गेले होते पडदे लावायला. काम एवढंच. माझी भाची केझाया, तिच्या नव्या घरात. तिची आई गेल्यावर मीच तिला वाढवलं, म्हणजे ती वाढत होती आणि मी ओरडत होते. तिचा नवरा, कॅप्टन एबन, वेस्ट इंडीजच्या फेरीवर गेलेला. जहाज उन्हाळ्यात परतायचं, पण बर्फ पडायला लागला तरी पत्ता नाही. धक्क्यावरचे लोक मला बघून टोप्या काढायला लागले होते. एरवी मला कोण मान देतंय? मी समजले, त्यांनी एबनला मनातल्या मनात पुरून टाकलंय.

ते घर तू पाहिलंयस. नदीकडच्या रस्त्यावरचं, विटांचं, पुढच्या दारावर पंख्यासारखी काच असलेलं. आपली जुनी घरं कशी, बटाट्यासारखी वाढलेली. पोर झालं की मागे एक खोली, गाय घेतली की बाजूला एक छप्पर. हे नवं घर म्हणजे गळ्यापर्यंत बटणं लावलेला वकील. डावीकडे दोन खिडक्या, तर उजवीकडेही दोन. इकडे खांब, तर तिकडे खांब. त्या घरात वाकडी अशी मी एकटीच. शिवून शिवून माझा एक खांदा कधीचाच खाली आलाय.

आणि दिवाणखान्यात भिंतीतल्या शेकोटीच्या दोन्ही बाजूंना एकेक दार. उजवीकडचं जेवणघरात जातं. डावीकडचं कुठेच जात नाही. चौकट आहे, कडी आहे, वर फुलांची नक्षीसुद्धा आहे, पण दार नुसतं खिळे मारून बसवलेलं. त्याच्यामागे विटा, आणि विटांच्या पलीकडे एकदम बाग. बांधकाम चाललं होतं तेव्हा मी लवेट सुताराला विचारलं होतं, "अहो, खोटं दार कशाला? लाकूड जास्त झालंय का?"

तो माझ्याकडे असा बघायला लागला, जणू मी चर्चमध्ये शिंकले. "बाई, एका बाजूला दार आणि दुसऱ्या बाजूला कोरी भिंत? एक मिशी ठेवून दुसरी काढलेला माणूस बघवेल तुम्हाला? घर जोडीत असतं. इकडे जे, ते तिकडे."

"मग मालकीण पण दोन आणणार का?" मी म्हटलं. तो काही हसला नाही. मोजमाप करणारे लोक हसत नाहीत.

त्या दुपारी बर्फ भुरभुरत होता. मी पडद्यांचं गाठोडं घेऊन आत गेले, तर केझाया डाव्या दारासमोर उभी. हातात पहार. गवंड्यांनी मागे टाकलेली असावी. केस मोकळे, शेकोटी थंड.

"ये मावशी," ती अगदी शांतपणे म्हणाली. "बरं झालं आलीस. धर जरा हे टोक."

"कशाला?"

"दार काढायचंय. मग विटा."

"आणि धुराडं डोक्यावर आलं म्हणजे? तुझ्या नाजूक डोक्याचं मला काही नाही, पण माझी ही एकच बरी टोपी आहे."

ती हसली नाही. "मावशी, तो तिथे आहे. रोज दुपारी कडी हलते. आज त्याने ठोकलं."

"कोणी?"

"एबनने."

बाई गं. घाबरले मी, खरं सांगते. भुताला नाही, वेडाला. तिच्या वडिलांची बहीण तशीच गेली होती, खिडकीशी बोलत बोलत. ही एकदा का भिंत फोडायला लागली, की लोक हिला त्याच नजरेने बघणार, आणि मग हीसुद्धा स्वतःला. एक वीटसुद्धा काढू द्यायची नाही, हे मी तिथल्या तिथे ठरवलं. तिच्या हातातून पहार घेतली, खुर्चीवर ठेवली आणि त्या पहारेवरच बसले. मी बसले की उठवणं सोपं नाही, तुला माहीत आहे.

"आता काढ," मी म्हटलं.

"मावशी, ऊठ."

"नाही. आधी केस बांध, शेकोटी पेटव आणि समोर बस. तो तिथे असेल तर मीपण ऐकेन. नसेल तर माझ्याबरोबर माझ्या घरी चल. कबूल?"

तिने लाकडं लावली. समोर बसली. मी पडद्याची कड शिवायला घेतली, कारण हात रिकामे असले की मला भलतंच सुचतं. खोलीत लाकडाचा तडतड आवाज, ओल्या चुन्याचा वास, आणि खिडकीबाहेर पांढरं, मुकं. बर्फ पडताना गावाला जणू कोणी उशीत दाबतं.

मग... ठक, ठक.

लाकडावर. बोटांच्या पेरांनी, हळू.

"उंदीर," मी म्हटलं. आता माझे कान लाल झाले असणार.

ठक, ठक, ठक. आणि कडी हलली. वर... खाली. मी डोळ्यांनी पाहिली. ती कडी आतल्या बाजूला कशालाच जोडलेली नव्हती. लवेटने माझ्यासमोर बसवली होती.

"केझी..." आतून आवाज आला. दमलेला, थंडीने बसलेला. "केझी, उघड ना गं..."

केझी. तिला केझी म्हणणारा जगात एकच.

ती उठली. मी पहारेवर बसूनच तिचा हात धरला. "नाही."

"मावशी, तो गारठलाय!"

"गारठू दे. नवरा असेल तर त्याला आपल्या घराचं पुढचं दार माहीत आहे. तिकडून येऊ दे त्याला." माझी मलाच कमाल वाटली. आवाज अगदी खणखणीत होता. फक्त सुई बोटात गेली होती, ते नंतर कळलं.

ती रडली, मला चावलीसुद्धा, लहानपणी चावायची तशी. मी हात सोडला नाही. हळूहळू ठोकणं थांबलं...

आणि पुढच्या दाराची पितळी कडी धाडधाड वाजली.

उघडलं तर एबन! दाढी छातीपर्यंत, अंगावर कोणाचा तरी सैल कोट, बुटांवर वीतभर बर्फ. फ्रेंचांनी जहाज धरलं होतं. महिनोन्महिने डांबून ठेवलं, मग सोडलं, तसा तो न्यूयॉर्कहून मिळेल त्या घोडागाडीने आला होता. केझाया त्याच्या गळ्यात पडली. मी आधी त्याला चिमटा काढला, जोरात.

"आई गं! मावशी, अजून तशीच आहेस!"

हाडामांसाचा होता. अंगाला डांबराचा आणि तंबाखूचा वास. बुटाखाली बर्फाचं पाणी झालं, ते मीच पुसलं. मनात स्वतःलाच म्हटलं, डॉर्कस, वाऱ्याला घाबरलीस की गं.

मी बरोबर बीन्सचं मडकं आणलं होतं. शेकोटीपाशीच जेवायला बसलो. तो लांडग्यासारखा जेवत होता आणि केझाया त्याच्या बाहीला धरून बसली होती, सुटेल म्हणून.

"पण काय गं तुम्ही दोघी!" तो मध्येच म्हणाला. "इतका वेळ ठोकतोय, आणि एक उठेल तर शपथ."

"पुढच्या दारावर?" मी विचारलं. "आम्ही तर लगेच उघडलं."

"ते नंतर." त्याने चमच्याने डावीकडे दाखवलं. "हे. आधी मी तिकडून आलो ना. फाटकातून, दारातून, सरळ दिवाणखान्यात. तुम्ही दोघी शेकोटीपाशी बसला होतात. हाक मारली, तर माझ्याकडे नुसतं बघत राहिलात. एक शब्द नाही. मावशी, तू तर मांडीखाली काहीतरी लोखंडी घेऊन बसली होतीस. मला ते काही बरं वाटेना. मग या दारापलीकडे केझीचा आवाज ऐकू आला, म्हणून ठोकत बसलो. शेवटी कंटाळलो. बाहेर पडलो आणि फिरून इकडून आलो."

केझायाने त्याची बाही सोडली नाही. अजून घट्ट धरली. "मग... तिकडे आता कोण आहे?"

"कोण असणार? तुम्ही दोघी," एबन म्हणाला आणि पाव मोडला. "आणि एव्हाना मीही पोचलो असेन की. लवेटला विचार, एका बाजूला आलं की दुसऱ्या बाजूला यायलाच हवं!"

आणि तो मोठ्याने हसला. केझायाही हसली, सुटल्यासारखी, कितीतरी दिवसांनी.

डाव्या दारामागे खुर्ची सरकली. तिथेही एक पुरुष हसला, एक मुलगी हसली. आणि त्यांच्यावर कडी करून एक बाई, घोड्यासारखी खिंकाळत. हे हसणं मी ओळखते. सगळं गाव ओळखतं. त्यापायी मला दोनदा चर्चच्या बाहेर बसवलंय.

आणि माझ्या तोंडात तर घास होता.