चंद्रावर आठवड्याचं पाणी

चांद्रवस्तीच्या जलप्रयोगशाळेत शर्वाणी कर्णिकने तीच आकडेमोड पुन्हा केली. उत्तर बदललं नाही. वापरलेलं पाणी शुद्ध करणारं तिचं नवं पुनर्जलयंत्र उत्तम चालत होतं, तरी राखीव टाकी पूर्वीपेक्षा वेगाने उतरत होती. ती निम्म्यावर आली की वस्ती रिकामी करायची, असा करार होता.

वस्तीप्रमुख नारकर आत आले. "मग, हमीदभाईंच्या रंगकारखान्याला परवानगी देऊ?"

"साहेब, यंत्रातून पाणी एकदा फिरलं की हजारातला एक थेंब गाळात अडकून कायमचा जातो. जुन्या यंत्रात दहा जायचे."

"म्हणजे सुधारणाच की."

"हो. त्या भरवशावर आपण कारंजी उभारली, हमामखाने काढले. पूर्वी पाणी महिन्यातून एकदा फिरायचं, आता रोज फिरतं. म्हणजे महिन्याला दहाऐवजी तीस थेंब."

"मग यंत्र आणखी सुधार."

"सुधारलं तर तुम्ही आणखी दोन कारखाने आणाल."

नारकर हसले. मग म्हणाले, "वाढ थांबली तर लोक इथे कशाला राहतील? आणि वस्ती मोडली तर माझ्या मुलीला कुठे नेऊ? इथे जन्मलेली हाडं पृथ्वीचं वजन पेलणार नाहीत."

"नुकसान वापरामुळे होत नाही, फेरीमुळे होतं. यंत्र आठवड्यातून एकदाच चालवू. नळालाही पाणी तेव्हाच."

"अगं, मनमाडला असंच यायचं. त्याला कंटाळून मी चंद्रावर आलो!"

पण त्यांनी सही केली.

पहिले काही दिवस शिव्या खाण्यात गेले. मग घराघरांत पिंपं आली. तांदूळ धुतलेलं पाणी भाज्यांच्या वाफ्यांना जाऊ लागलं, आंघोळीचं फरशीला. हमीदभाई स्वतः नारकरांकडे आले. "हमामखान्याचं वापरलेलं पाणी द्या. गाळून घेतलं की रंगाला चालतं."

कारखाना सुरू झाला. वर्षअखेरीस वस्तीचं उत्पादन आधीपेक्षा जास्त होतं आणि टाकी जेमतेम हलली होती. हमीदभाई खुशीत प्रयोगशाळेत आले. नारकर तिथेच होते.

"मॅडम, आठवड्यातून एकदा पाणी सोडून एवढी भरभराट. रोज सोडलं तर सातपट होईल."

शर्वाणी बोलणार, तोच नारकर म्हणाले, "रोज ताजं पाणी आलं तर हमामखानेवाला जुनं कशाला साठवेल? तो ते गटारात सोडेल, ते रोज यंत्रातून फिरेल आणि टाकी पुन्हा आटेल. मग तुम्ही रंग कशात कालवणार, हमीदभाई?"

हमीदभाईंनी थोडा विचार केला. "दर पंधरा दिवसांनी सोडलं तर?" त्यांनी विचारलं.